मदत हवी आहे: घरांची मागणी मोजायची कशी?

नमस्कार. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) प्रत्येक शहराने मागणी सर्वेक्षण करून ‘सर्वांसाठी घरे’ कृती आराखडा तयार करणे अपेक्षित होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची (म्हणजे भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेची) मर्यादाही ठरली होती. मात्र आलेले अर्ज मोजणे म्हणजेच मागणी मोजणे, हे मला पटत नाही. पहाटे साडेपाचला धुणीभांड्यासाठी निघणाऱ्या बाईला घराच्या हप्त्याइतकाच रोजचा बसखर्चही परवडावा लागतो. पुणे महापालिकेने या योजनेतील घरांसाठी हडपसर, खराडी, वडगाव येथील जागा निवडताना कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर अभ्यासले होते का, आणि तो आराखडा माहिती अधिकाराविना कुठे पाहता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.