मदत हवी आहे: पंकमधला रेगे कानाला कसा दाखवू?

आमच्या श्रवणमंडळात लंडनच्या पंकवर (सत्तरच्या दशकातलं वेगवान, कर्कश रॉक) वीस मिनिटं बोलायचंय. मंडळी साठीच्या पुढची, नाट्यसंगीतात मुरलेली. इतिहास जमलाय: 1976 चा गदारोळ, मग रॉक्सी क्लब. तिथे डीजे डॉन लेट्स दोन बँडांच्या मधे रेगे (जमैकाचं संथ लयीचं संगीत) वाजवायचा, कारण पंकच्या तबकड्याच तेव्हा मोजक्या होत्या. (मला हा तपशील फार आवडतो.)

अडलंय ते उदाहरणापाशी. जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं रेगे गाणं ‘पोलीस अँड थीव्ज’ आणि लंडनच्या पंक बँड द क्लॅशने 1977 च्या पहिल्या अल्बममध्ये केलेलं तेच गाणं घरी लागोपाठ ऐकवून पाहिलं. ‘एक संथ, दुसरं कर्कश’, एवढाच शेरा मिळाला. गिटारचा ठोका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधे पडतो, हे टाळी देऊन दाखवलं. तरी क्लॅशच्या गोंगाटात ते हरवतं.

स्पेशल्ससारखे स्का (रेगेच्या आधीची जलद जमैकन शैली) वाजवणारे बँड नकोत, तो पुढचा विषय. शिव्या नसाव्यात, आणि स्पीकर एकच, साधा आहे. तर 1980 च्या आधीचं, ब्रिटिश पंक बँडचंच असं कोणतं गाणं आहे, ज्यात बास पुढे आणि गिटारचा तो उलटा ठोका नवख्यालाही पहिल्या मिनिटात ऐकू येईल?