मदत हवी आहे : टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक सारखी बंद पडते

नमस्कार मंडळी. आम्ही सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात राहतो, भिंती चांगल्या दीड हात जाड. टीव्ही १० वर्षांचा, साधा एलईडी, पण चित्र अजून सुरेख. म्हणून नवा न घेता दिवाळीत टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक आणली. आईला तिच्यावर रोज संध्याकाळी कीर्तन लावायची सवय झाली आहे. आता मात्र अर्ध्या तासात चित्र गोठतं, मधला गोल फिरत राहतो आणि स्टिक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते. आई रिमोट हातात धरून तशीच बसते, ते बघवत नाही हो.

स्टिकला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिली आहे. जुन्या यूएसबी २.० मधून अर्धाच अँपिअर मिळतो ना, तो स्टिकला कमी पडत असेल का? शिवाय स्टिक टीव्हीमागे भिंतीला चिकटलेली, हात लावला तर चटका बसतो. राउटर पुढच्या खोलीत. ५ गिगाहर्ट्‌झ वायफाय भिंतीपलीकडे टिकत नाही, २.४ वर शेजारपाजारच्या वायफायची गर्दी.

आधी काय बदलू? वेगळा अडॅप्टर, एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन वायर, की राउटरपासून लॅन केबल ओढून इथरनेटवाला (वायफायऐवजी वायरवर चालणारा) बॉक्सच घेऊ? वाड्यात राहून हे निस्तरलेल्यांनी कृपया सांगा.