मदत हवी आहे: भरतीच्या दारांमुळे खाडीतली खारफुटी मरू नये यासाठी

खाडीच्या तोंडाशी पूरभिंत आणि तिच्यात १.५ मीटर रुंदीच्या तीन मोऱ्या असा आराखडा आहे. मोऱ्यांना वरून बिजागरी असलेली बिडाची झडपदारं सुचवली आहेत, आणि माझी हरकत तिथेच आहे. जड झडप ओहोटीत जेमतेम फटीएवढी उघडते. त्या फटीतून पाणी इतक्या जोरात सुटतं की लहान मासे उलटे चढूच शकत नाहीत. भरती लागताच ती मिटते, म्हणजे पिल्लं आत यायच्या वेळेलाच दार बंद! खारं पाणी तुटलं की खारफुटीच्या जागी गोड्या पाण्याचं गवत शिरतं. चिखल सुकून भेगाळला, तर त्यातल्या गंधकयुक्त खनिजांना हवा लागून चिखलातच आम्ल बनतं आणि पावसाबरोबर खाडीत उतरून मासे मारतं.

म्हणून निदान एका मोरीला बाजूच्या बिजागरीचं हलकं ॲल्युमिनियमचं दार आणि तरफेवर फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता डबा) बसवावा, असं वाटतं. ठरलेल्या पातळीपर्यंत भरती आत, त्यापुढे बंद. भिंतही खारफुटीच्या मागे, जमिनीकडे सरकवायला हवी.

जाणकारांनी कृपया सांगावं:
ओंडका अडकून दार उघडंच राहू नये म्हणून कचराजाळीच्या गजांत फट किती ठेवता? माशांना वाटही हवी.
बंद होण्याची पातळी सर्वांत सखल जोत्याच्या किती खाली धरता?
उधाण आणि मुसळधार पाऊस एकदम आले तर आत साठणारं पाणी किती तासांचं मोजता? सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे.