मदत हवी आहे: ७०७५ अॅल्युमिनियमला तडे जातायत, ताकद न घालवता थांबवता येतील का?

नमस्कार मंडळी, भोसरीत आमचं छोटं मशिन शॉप आहे, एका बोटी बांधणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही ७०७५ टी ६५१ च्या (७०७५ हे जस्त-मॅग्नेशियम घातलेलं मजबूत अॅल्युमिनियम, टी म्हणजे उष्णता-प्रक्रियेचा प्रकार, टी ६५१ म्हणजे टी ६ केलेली, ताणून आतला ताण काढलेली प्लेट) ६० मिमी जाड प्लेटमधून ब्रॅकेट काढून देतो, मटेरियल त्यांच्याच ड्रॉइंगवर आहे, भोकात स्टीलचा बुश (नळीसारखी बाही) प्रेस फिट, म्हणजे दाबून घट्ट बसतो. माल कोकणात गेला आणि काही महिन्यांत बुशच्या भोकापासून तडे. बोट धक्क्याला नुसती उभी होती, लोड असा काहीच नव्हता! तडे सगळे एकाच दिशेने, प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर, लाकूड रेषेत फाटतं तसे. वरून गंज जवळपास दिसतच नाही, म्हणून जास्त काळजी वाटते, कारण त्या बोटीवर माणसं जाणार.

वाचलं त्यावरून हे स्ट्रेस करोजन क्रॅकिंगच आहे, म्हणजे ताण आणि गंज मिळून पडणारे तडे. टी ६ चं एजिंग (ताकद येण्यासाठी हलकं तापवून ठेवणं) १२० डिग्रीला २४ तास, त्यात मॅग्नेशियम-झिंकचे बारीक कण ग्रेनच्या (धातूच्या स्फटिक-कणांच्या) सीमेवर दाटीने बसतात, मग खारी हवा आणि कायमचा ताण (इथे घट्ट बसवलेल्या बुशचा) मिळाला की ती सीमाच पोखरली जाते, हायड्रोजन शिरतो तो वेगळाच. प्लेटच्या जाडीच्या दिशेने टी ६ साधारण ५० एमपीए (ताणाचं एकक) पर्यंतच टिकतो, टी ७३ (जास्त एजिंग केलेला प्रकार) मात्र ३०० च्या आसपास. पण टी ७३ केलं की ताकद १०-१५ टक्के खाली येते आणि डिझाइनवाले तिथेच अडून बसलेत.

आता रेट्रोग्रेशन-रीएजिंगबद्दल विचारायचंय, इस्रायलच्या विमान कंपनीने १९७४ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत. टी ६ चा माल २०० डिग्रीच्या वर थोडा वेळ तापवायचा, क्वेंच करायचा (झटकन थंड), परत १२० ला २४ तास. ताकद टी ६ ची आणि तड्यांना विरोध टी ७३ च्या जवळपास, असं म्हणतात. पण ६० मिमीचा गाभा तापेपर्यंत वरचा थर ओव्हरएज होऊन (जास्त तापून ताकद उतरून) जाईल ना? कोणी प्रत्यक्ष केलंय का, प्लीज सांगा.

प्रतिसाद:
शंका बरोबर आहे, जाड मालात काही मिनिटांचं सायकल हाताळणं अवघड. १९५ डिग्रीला ४० मिनिटांच्या आसपासचं सायकलही वापरलं गेलंय, ते जास्त सोसतं, आणि आधी रफ मशिनिंग करून जाडी कमी केलीत तर अजून सोपं. पण माझं स्पष्ट मत, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तर टी ७३५१ (टी ७३ केलेली, ताणून आतला ताण काढलेली प्लेट) घ्या आणि ब्रॅकेटची भिंत थोडी जाड करा. कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता) मीटरने प्रत्येक नग तपासा, टी ७३ ला ३८ टक्के आयएसीएस (प्रमाण तांब्याच्या तुलनेत वीजवाहकता) तरी यायलाच हवी, टी ६ ३३ च्या आसपास दाखवतो. अॅनोडायझिंगवर (पृष्ठभागावरच्या संरक्षक ऑक्साइड थरावर) विसंबू नका. ब्रॅकेट प्लेटमधून असा काढा की बुशचा ताण जाडीच्या दिशेला कमीत कमी पडेल. आणि नमुन्यांची चाचणी करून घ्याच, ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात १० मिनिटं बुडवून ५० मिनिटं सुकवायचं, हे चक्र ताण देऊन २०-३० दिवस.

बुशचा इंटरफेरन्स (बुश भोकापेक्षा किती मोठा) किती ठेवलाय आणि भोकापासून कडेपर्यंत किती मटेरियल आहे ते लिहा, मग ताणाचा हिशोब करून बघू.