१८० लिटरच्या रीफ टँकमध्ये ॲप्टेशिया पसरलाय: काल्क, पेपरमिंट श्रिंप की बर्घिया?

खारंपाणी (प्रश्न)

खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक १८० लिटर, खाली ४० लिटरचा सम्प (फिल्टरची खालची टाकी). अंदाजे २० किलो लाईव्ह रॉक (जिवाणू व बारीक जीव असलेला दगड). कोरलमध्ये झोआ, एक टॉर्च, दोन हॅमर, थोडे मशरूम. मासे: क्लाउनची जोडी, एक गोबी, एक सिक्सलाइन रास. खारटपणा १.०२५, क्षारता ८.२ डीकेएच, दिवसा पीएच ८.२, नायट्रेट २५, फॉस्फेट ०.१८.

रॉकवर ३५ ते ४० ॲप्टेशिया (झपाट्याने वाढणारे उपद्रवी समुद्रफूल, म्हणजे ॲनेमोनी) दिसतात. मोठे २ सेंटिमीटरचे, बाकीचे भेगांमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे. त्यातले दोन टॉर्च कोरलच्या सांगाड्याला चिकटलेत, त्या बाजूचं डोकं आता उघडत नाही. ब्लेडने खरवडून काढले तर चालेल का? काल्कची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) पेस्ट मारायची तर एका वेळी किती? आणि ॲप्टेशिया खाणारे पेपरमिंट श्रिंप व बर्घिया (छोटी समुद्री गोगलगाय) दोन्ही एकत्र सोडता येतील का?

रीफरसायन

खरवडू नका. ॲप्टेशियाच्या बुडाचा कण जरी रॉकला चिकटून राहिला तरी त्यातून नवा जीव तयार होतो. तो जागा बदलताना स्वतःहूनही असे तुकडे मागे सोडत जातो, म्हणून एका मोठ्याच्या भोवती बारक्यांचं रिंगण दिसतं. ब्लेड लावलं की हेच काम आपण त्याच्यासाठी करून देतो, आणि पंप चालू असेल तर तुकडे टँकभर जातात.

आधी ओळख पक्की करा. ॲप्टेशिया उंच, पारदर्शक तपकिरी, शुंडं लांब आणि टोकाला निमुळती. बुटका, हिरवट-गुलाबी आणि शुंडांची टोकं फुगीर असतील तर तो मजानो, दुसरा उपद्रवी ॲनेमोनी. काल्क दोघांनाही लागू पडतं, बर्घिया मात्र मजानोला तोंड लावत नाही.

पेस्टची पद्धत: एक चहाचा चमचा शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या आणि आरओ पाणी थेंबाथेंबाने घालत टूथपेस्टपेक्षा किंचित सैल करा. पातळ झाली की ती ढगासारखी पसरते आणि शेजारचं कोरल जाळते. ३ मिलीची सिरिंज, बोथट १८ गेजची सुई. वेव्हमेकर आणि सम्पचा रिटर्न पंप दोन्ही बंद करून पाणी पूर्ण थांबू द्या. सुई वरून हळूहळू आणा, स्पर्श करू नका. धक्का लागला की तो भोकात आत ओढला जातो आणि मग पेस्ट नुसती दगडावर बसते. आधी तोंडाच्या चकतीवर बारीक थेंब ठेवा, लगेच संपूर्ण जीव आणि तो बसलेलं भोक झाका. एकाला ०.५ मिली पुरते. २० मिनिटांनी वरचा पांढरा थर बारीक नळीने ओढून घ्या, मग पंप सुरू.

मर्यादा महत्त्वाची आहे. १ ग्रॅम पावडर पूर्ण विरघळली तर २०० लिटर पाण्यात क्षारता साधारण ०.४ डीकेएच वाढते आणि पीएचही त्याबरोबर चढतो. म्हणून एका बैठकीत ५-६ पेक्षा जास्त नाही, मध्ये दोन दिवस जाऊ द्या. प्रत्येक वेळी पीएच मोजा, ८.५ च्या जवळ गेला की थांबा. पेस्ट दाहक आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा.

निळी_लाट

पेस्टबद्दल वरचं सगळं बरोबर, पण ४० दिसतात तेव्हा न दिसणारे त्याहून जास्त असतात. रॉकच्या खालच्या बाजूला आणि ओव्हरफ्लोमध्ये (जिथून पाणी सम्पमध्ये उतरतं) सिरिंज पोचत नाही. तिथे बर्घियाच हवी. ती फक्त ॲप्टेशियाच खाते, त्यामुळे कोरलला धोका शून्य.

तुमच्या टँकमध्ये अडचण सिक्सलाइनची आहे. हा रास दिवसभर रॉकवर किडे टिपत फिरतो आणि बर्घिया त्याच्यासाठी आयता घास आहे. पेपरमिंट श्रिंपही तिला खातात. त्यामुळे दोन्ही एकत्र सोडू नका. रास बाहेर काढणं शक्य असेल तर बर्घिया, नसेल तर श्रिंप.

बर्घिया सोडायच्या तर या आकाराला निदान ६ ते ८ घ्या. दोन-तीन सोडल्या तर एकमेकींना भेटत नाहीत आणि अंडी पडत नाहीत. दिवे बंद झाल्यावर, पंप थांबवून, जाड पिपेटने थेट ॲप्टेशियाच्या बुडाशी सोडा. अर्धा तास प्रवाह बंद ठेवा. पंपांच्या तोंडाला स्पंज लावा. त्या रात्रीच बाहेर पडतात, त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे एकही दिसली नाही तरी घाबरू नका. रॉकवर पांढऱ्या धाग्याची गुंडाळी दिसली की ती अंडी समजा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. या काळात काल्क मारू नका: त्यांचं अन्नही संपतं आणि पेस्टखाली त्याही सापडतात.

पोलिप

रास पकडण्यासाठी अख्खा रॉक उपसावा लागणार असेल तर मी श्रिंपच्या बाजूने आहे. ३-४ पेपरमिंट पुरतात. घेताना नीट बघा: पेपरमिंटच्या अर्धपारदर्शक अंगावर लांबीच्या दिशेने बारीक लाल रेघा असतात. कॅमल श्रिंप जास्त लाल, पाठीला कुबड, डोळे मोठे, अंगावर ठळक पांढरे ठिपके आणि पट्टे. दोन्ही अनेकदा एकाच नावाने विकले जातात आणि कॅमल श्रिंप झोआ खातो.

पेपरमिंट छोटे ॲप्टेशिया संपवतात, २ सेंटिमीटरच्या मोठ्याला बहुधा हात लावत नाहीत. म्हणून आधी मोठे काल्कने मारा, आठवड्याने श्रिंप सोडा. पोटभर पेलेट मिळत असतील तर ते ॲप्टेशियाकडे वळणार नाहीत, तेव्हा माशांना २-३ मिनिटांत संपेल एवढंच द्या. तुमचे नायट्रेट-फॉस्फेट पाहता खाणं तसंही जास्त होतंय. फॉस्फेट एकदम खाली खेचू नका, कोरलला धक्का बसतो. महिनाभरात ०.१ पर्यंत आणा. मात्र दिवे कमी करून किंवा खाणं बंद करून ॲप्टेशिया मरेल ही आशा सोडा, त्याआधी कोरल मरतील.

ॲप्टेशिया खायला कॉपरबँड बटरफ्लायफिश कुणी सुचवला तर नको म्हणा. १८० लिटर त्याला अपुरे आहेत.

खारंपाणी

रास पकडणं अवघड आहे, त्यामुळे काल्क आणि श्रिंप करतो. टॉर्चच्या सांगाड्यावरच्या दोघांचं काय? सुई नेली तर पेस्ट मांसावर पडेल.

रीफरसायन

टॉर्च बाहेर काढा. टँकमध्ये पेस्ट मारू नका. बाहेर धरून हलका हलवा म्हणजे मांस आत जाईल, मग असा आडवा धरा की ॲप्टेशिया खालच्या बाजूला आणि डोकी वर राहतील. पेस्ट ओघळलीच तर डोक्यांवर येत नाही. काडीने जाड पेस्ट लावा, ५ मिनिटं थांबा, टँकच्याच पाण्याच्या वेगळ्या बादलीत नीट हलवून धुवा आणि परत ठेवा. बादलीतलं पाणी टाकून द्या. सुपरग्लूने झाकणं टाळा, ॲप्टेशिया बरेचदा कडेने बाहेर येतो.

झोआच्या प्लगवर (कोरल चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर) ॲप्टेशिया असतील तर प्लग बाहेर काढून तेवढा भाग छाटून टाका. झोआमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असू शकतं. छाटताना डोळे झाका, हातमोजे घाला, आणि असा रॉक कधीही उकळू नका किंवा त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफ फुफ्फुसात गेली तर माणूस गंभीर आजारी पडतो.

निळी_लाट

काढलेला रॉक आणि पाणी समुद्रात किंवा खाडीत अजिबात टाकू नका. १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ मत्स्यालयातली कॉलर्पा टॅक्सिफोलिया ही समुद्री शैवाल आढळली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. रॉक गोड्या पाण्यात ब्लीच घालून भिजवा, पूर्ण वाळू द्या. पाणी ब्लीच घालून गटारात सोडा.

आणि पुढचा प्रत्येक फ्रॅग (कोरलचा विकत आणलेला तुकडा) प्लगवरून उतरवून नव्या प्लगवर चिकटवा. कोरल डिपने (औषधी द्रावणात बुडवल्याने) ॲप्टेशिया मरेलच असं नाही, तो बहुतेक वेळा जुन्या प्लगच्या खालच्या बाजूने येतो.