मदत हवी आहे: पडद्यांसाठी एकूण किती मीटर कापड घेऊ? (उद्याच आणायचंय)

मनीषनगरची_मंजू
दोन खिडक्या आणि गॅलरीचं एक सरकतं दार. पडदे घरीच शिवायचेत, मशीन आहे, शिवता येतं. खिडकी साडेपाच फुटी, दार साडेसात. उद्या सकाळी नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजारात जायचंय तर एकूण किती मीटर लागेल तेवढं सांगा. शेजारच्या काकू म्हणतात बारा पुष्कळ, वहिनी म्हणते पंचवीस, आणि दुकानदार तर जास्तच सांगणार. प्लीज फक्त आकडा. रेडीमेड घ्या वगैरे नको.

वऱ्हाडी_ठेचा
रेडीमेडच घ्या ना जी, काहून डोकं लावून राहिले. ५ फुटी, ७ फुटी, ९ फुटी तयार भेटते, आणलं का लटकवलं.

शिलाई_मावशी
साडेपाच फुटी म्हणजे रुंद की उंच गं? कापडाचा पन्हा (रुंदी) किती? रॉड खिडकीच्या बाहेर किती गेलाय? वर रिंगा की नेफा (रॉड घालायची शिवलेली पट्टी)? प्लेन की डिझाइन?

मनीषनगरची_मंजू
रुंद. पन्हा पडद्याच्या कापडाचा असतो तोच. रिंगा. आता तरी सांगा 🙏

निवृत्त_जेई
अगदी सोपं आहे. ५.५ + ५.५ + ७.५ = १८.५ फूट. चुण्यांसाठी दुप्पट, ३७ फूट. म्हणजे ११.३ मीटर. बारा घ्या, काकू बरोबर आहेत.

शिलाई_मावशी
साहेब, यात उंची कुठे आहे?

निवृत्त_जेई
उंची पन्ह्यात येते.

शिलाई_मावशी
४८ इंच पन्ह्यात ७ फुटी दार कसं येईल सांगा बरं. तुमचा हिशोब ११० इंची पन्ह्याला लागतो, ते जाळीदार पांढरं कापड येतं ना, ते आडवं वापरतात, म्हणजे पन्हा उभा होतो आणि मीटर रुंदीचे मोजायचे. तिथे खरंच बारा मीटरच्या आसपास होतं. पण मंजूने काय निवडलंय ते तिने सांगितलेलंच नाही.

ऑरेंजसिटी_दादा
खिडकी पश्चिमेला आहे का? असेल तर पडद्याला मागून ब्लॅकआउटचं अस्तर लावाच, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो तेव्हा साधं कॉटन काही थांबवत नाही. आमच्याकडे लावलंय, फरक पडतो.

वऱ्हाडी_ठेचा
अन् कूलर कुठं लावता मंग? खिडकीत कूलर असला का पडदा बाजूलाच सारा लागते, दिवसभर फडफड. खसाची टाटी लावा, पाणी मारा, पडद्याची भानगडच नाही.

ऑरेंजसिटी_दादा
टाटीला दिवसातून किती वेळा पाणी मारणार भाऊ, ऑफिस असतं लोकांना.

मनीषनगरची_मंजू
कूलर दुसऱ्या खोलीत आहे!! धागा पडद्याचा आहे. हे घ्या: कॉटन, पन्हा ४८, आत्ताच फोन करून विचारला. कोयरीचं डिझाइन, दर १६ इंचांनी तेच परत येतं म्हणे. रॉड दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर. रॉडपासून खाली खिडकीला ५ फूट हवं, दाराला ७.

शिलाई_मावशी
हे आधी सांगायचं ना बाई. आता बघ. सगळ्या खिडक्यांची रुंदी एकत्र करून मीटर काढायचेच नाहीत, आधी पीस मोजायचे.

खिडकीचा रॉड ७२ इंच, दुप्पट १४४, पन्हा ४८, म्हणजे ३ पीस. दाराचा रॉड ९६, दुप्पट १९२, म्हणजे ४ पीस.

एका पिसाची लांबी: खिडकीला ६०, वर रिंगेच्या पट्टीला ५ (आत बकरम, म्हणजे कडक कापड), खाली दुमडायला ४, कॉटन आटतं म्हणून २. झाले ७१. पण कोयऱ्या सगळीकडे एका रेषेत यायला हव्यात, म्हणून १६ च्या पटीत पुढे जायचं, ८० इंच. दाराला ८४ + ९ + ३ (लांब आहे म्हणून आटायला एक इंच जास्त) = ९६, ते नेमकं १६ च्या पटीत बसतं.

दोन खिडक्या ६ × ८० = ४८०, दार ४ × ९६ = ३८४, एकूण ८६४ इंच. एका मीटरचे ३९.३७ इंच, म्हणजे २२ मीटर. कापताना पहिली कोयरी जुळवायला थोडं वाया जातं, म्हणून साडेबावीस घे. प्लेन असतं तर साडेवीसच्या वर थोडंसं, एकवीसात भागलं असतं. खिडकीचा तिसरा पीस मधून उभा फाडून अर्धा-अर्धा दोन्ही पडद्यांना जोड, जोड भिंतीकडे ठेव.

बर्डीवाली_स्नेहा
दुप्पट कशाला, रिंगांना दीडपट पुरतं. ५४ पन्ह्याचं घेतलं तर खिडकीला दोन पीस, दाराला तीन, साडेपंधरा मीटरमध्ये काम होतं. सात मीटरचे पैसे वाचतात, थोडेथोडके नाहीत.

शिलाई_मावशी
दीडपट म्हणजे पडदा ओढल्यावर वाळत घातलेली चादर दिसते. शिवाय कडेच्या दुमडीत जातं ते वेगळंच, दीडही राहत नाही. आणि दुप्पट हवं असेल तर ५४ घेऊनही खिडकीला तीनच पीस लागतात, मोजून बघ.

बर्डीवाली_स्नेहा
आमच्याकडे तीन वर्षं दीडपट आहेत, कोणी चादर म्हटलं नाही.

गच्चीवरची_तुळस
रिंगांचे पडदे मशीनला धुताना आतल्या बाजूने गुंडाळून उशीच्या खोळीत घालायचे, ड्रमला आवाज होत नाही.

ऑरेंजसिटी_दादा
गांधीबागेत गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही. मेट्रोने अग्रसेन चौकाला उतरा, तिथून ई-रिक्षा.

निवृत्त_जेई
वारात विचारू नका, मीटरमध्येच विचारा. वार ३६ इंचांचा. साडेबावीस वार घेतलेत तर लागणाऱ्या ८६४ इंचांना ५४ इंच कमी पडेल.

शिलाई_मावशी
साडेबावीस वारात आणि साडेबावीस मीटरात ७५ इंचांहून जास्त फरक आहे साहेब. 🙂

मनीषनगरची_मंजू
दुकानात उभी आहे. लेबलवर ४८ आहे पण काठ सोडून ४६ भरतंय. आता पीस वाढणार का??

शिलाई_मावशी
नाही. तीन पीस १३८, रॉड ७२, एक पूर्णांक नऊ पट झाले, छान पडेल. दारालाही तेवढंच. साडेबावीसच घे, आणि एकाच ताग्यातलं घे, दुसऱ्या ताग्याचा रंग वेगळा निघतो. रिंगा दर पडद्याला सम संख्येत.

वऱ्हाडी_ठेचा
दुकानदारानं किती सांगितलं?

मनीषनगरची_मंजू
तेवीस 😐