अनुभव धागा : राष्ट्राध्यक्षाला लिहिलेले निवेदन

काळीमाती

गेल्या आठवड्यात गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्याने पाणंद रस्त्यासाठी तहसीलदारांना द्यायचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. अंगठा शाईला लावल्यावर त्यांनी तो बराच वेळ कागदाच्या वर तसाच धरून ठेवला, कारण एकदा उमटला की आपले नाव सरकारच्या दप्तरी जाणार, याची त्यांना धास्ती वाटत होती. मला त्या क्षणी दक्षिण सुदानमधले पिबोर आठवले आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

मी तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय बटालियनमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. पिबोर हे तेव्हा जोंगलेई प्रांतात असलेले मुर्ले जमातीचे गाव. तिथली जमीन आपल्या यवतमाळ-अकोल्याकडच्या कापसाच्या काळ्या रानासारखी आहे, त्यामुळे पाऊस लागला की रस्ता महिनोन्महिने बंद होतो आणि उघडीप मिळाली की मदतीच्या गाड्यांबरोबर हल्लेखोरांनाही वाट मोकळी होते. डिसेंबर २०११ च्या अखेरीस लोऊ नुएर जमातीचे हजारो सशस्त्र तरुण लिकुआंगोले हे गाव जाळून पिबोरवर चालून आले. उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार स्वतः नुएर असूनही आणि त्या तरुणांना परत फिरा असे समक्ष सांगायला जाऊनही ते थांबले नाहीत. आमचे जवान गावाच्या मुख्य भागाभोवती उभे राहिले, पण सभोवारचे टुकुल, म्हणजे गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, जळत राहिले. पुढच्या तपासात संयुक्त राष्ट्रांनी मृतांचा आकडा सहाशेच्या वर दिला.

काही आठवड्यांनी एक मुर्ले शिक्षक वहीचे पान घेऊन माझ्याकडे आले. ते राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांना लिहिलेले निवेदन होते आणि माझ्याकडून त्यांना फक्त इंग्रजी तपासून हवे होते. त्यात नुएरांविषयी एकही शिवी नव्हती. मागण्या मोजक्या होत्या : आमच्या बंदुका काढायच्या असतील तर शेजाऱ्यांच्याही त्याच दिवशी काढा, दोन्हीकडची पळवलेली मुले शोधून आपापल्या आईकडे पोहोचवा, आणि रेडिओवरून एकदा तरी म्हणा की मुर्ले हेही याच देशाचे नागरिक आहेत. खाली चाळीसेक अंगठे होते. या शेवटच्या मागणीचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. ज्यांनी अशा ठिकाणी नोकरी केली आहे, ज्यांनी असे अर्ज लिहिले, वाचले किंवा पोहोचवले आहेत, त्यांनी कृपया इथे लिहावे.

हिशेबनीस

मी दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबामध्ये, एका हॉटेलात हिशेब पाहत असे. १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री डिंका जमातीचे कीर आणि नुएर माचार यांच्यातल्या सत्तेच्या भांडणातून गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष दूरचित्रवाणीवर आले. एरवी त्यांच्या डोक्यावर काळी रुंद हॅट आणि अंगात कोट असे, त्या दिवशी ते लष्करी गणवेशात होते. माझा नुएर सहकारी शेजारी बसून पाहत होता. भाषण संपण्याआधीच तो उठला आणि ‘आता मला इथून गेले पाहिजे’ एवढेच म्हणाला. त्याच्या कपाळावर नुएर पुरुषांच्या असतात तशा सहा आडव्या रेषा कोरलेल्या होत्या आणि त्या झाकायला टोपीही पुरत नव्हती. त्या दिवसांत जुबात नुएर माणसांना घराघरांतून ओढून मारले गेले. तो पोत्यांखाली लपून संयुक्त राष्ट्रांच्या तळापर्यंत पोहोचला आणि तिथल्या तंबूंत त्याने पुढची अडीच वर्षे काढली. शिक्षकांनी रेडिओवरचे एक वाक्य का मागितले असेल, हे मला नीट समजते. राष्ट्रप्रमुख काय बोलतो, आणि कोणत्या वेशात बोलतो, ते खालच्या शिपायापर्यंत हुकूम म्हणून पोहोचते.

जुलै २०१६ मध्ये पुन्हा युद्ध पेटले तेव्हा ‘संकटमोचन’ मोहिमेच्या विमानातून मी भारतात परतलो. तो तिथेच राहिला, कारण त्याला न्यायला कोणत्याही देशाचे विमान येणार नव्हते.

साताऱ्याची लेक

गॅसवर दूध आहे, तरीही लिहिते. माझे यजमान डिसेंबर २०१३ मध्ये जोंगलेईतच, पण दुसऱ्या तळावर होते. १९ तारखेला अकोबोच्या तळावर हल्ला झाला, आश्रयाला आलेल्या डिंका लोकांना वाचवताना दोन भारतीय जवान गेले, आणि बातमीत सुरुवातीला नावे नव्हती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पाच जवान गेले होते, त्यामुळे सासूबाईंनी फोन हातातून खाली ठेवला नाही. तो दिवस आमच्या घरात अजूनही कोणी बोलून दाखवत नाही. काळीमाती दादा, तुम्ही लिहिलेत म्हणून मला लिहिता आले.

अकोबोची परिचारिका

मी काही महिने नुएर वस्तीत एका मदत संस्थेच्या दवाखान्यात होते आणि मला दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. पिबोरवरचा हल्ला आकाशातून पडला नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये मुर्ले तरुणांनी उरोर भागातल्या नुएर गावांवर हल्ला केला, त्यातही शेकडो माणसे मेली, हजारो गुरे हाकून नेली आणि मुले पळवली. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईची दोन्ही मुले त्यात गेली होती. तिनेही त्याच राष्ट्राध्यक्षांना निवेदन दिले होते, आणि तिचाही अंगठाच होता. मुर्ले संख्येने कमी आहेत, राजधानीत त्यांचे वजन नाही आणि सर्व शेजारी त्यांना चोर म्हणतात, हे अन्यायाचेच आहे. परंतु त्यांच्या दुःखाचे निवेदन वाचताना त्या बाईची मुले विसरली जाऊ नयेत, एवढीच माझी विनंती आहे.

काळीमाती

ताई, तुम्ही हे लिहिलेत ते फार चांगले झाले. शिक्षकांना ते ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी ‘दोन्हीकडची मुले’ असे लिहिले होते, आणि अंगठे देणाऱ्यांपैकी काहींनी त्या एका शब्दावरून त्यांच्याशी भांडण केले होते. नि:शस्त्रीकरणाच्या मागणीमागेही अनुभव होता. २००६ मध्ये लोऊ नुएरांच्या बंदुका रक्तपात करून काढून घेतल्या, शेजाऱ्यांच्या तशाच राहिल्या आणि उघड्या पडलेल्या गावांवर हल्ले वाढले. मार्च २०१२ मध्ये सरकारने संपूर्ण जोंगलेईत नि:शस्त्रीकरण सुरू केले खरे, पण पिबोर भागात सैनिकांनी मारहाण आणि बलात्कार केल्याच्या तक्रारी आल्या. त्या जखमा मी स्वतः बांधल्या आहेत. रक्षण मागितलेल्या माणसाकडे सैन्य या रूपात आले, तर त्याने पुढचा अर्ज कोणाला लिहायचा?

बैदोआ ९३

मी सोमालियात बैदोआ येथे भारतीय ब्रिगेडमध्ये होतो. तुमच्या शिक्षकांकडे निदान पत्त्याच्या जागी लिहायला एक नाव होते. आम्ही गेलो तेव्हा हुकूमशहा सियाद बारे पळून जाऊन अडीच वर्षे उलटली होती आणि देशाला सरकार नव्हते. जुबा आणि शेबेली नद्यांकाठी शेती करणाऱ्या बांटू वस्त्यांना कोणत्याही मोठ्या कुळाचे संरक्षण नव्हते, त्यामुळे ज्याच्याकडे बंदूक असेल तो त्यांचे धान्य नेत असे. तिथले वडीलधारे आमच्या चौकीवर येऊन हवालदारापुढे गाऱ्हाणे मांडत, कारण गणवेशातला त्यांना दिसणारा सर्वांत मोठा माणूस तोच होता. पुढे २००० मध्ये सत्तेच्या वाटपाचे सूत्र ठरले तेव्हा चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सर्वांना मिळून अर्धा वाटा देण्यात आला. अर्धा हा शब्द वाचल्यावर मी वर्तमानपत्र मिटवून ठेवले होते.

वसईकर

आमच्या चर्चमध्ये पुण्य गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, त्यामुळे ११ एप्रिल २०१९ चे ते दृश्य मी विसरू शकत नाही. व्हॅटिकनमध्ये दोन दिवसांची प्रार्थना आटोपल्यावर ब्याऐंशी वर्षांचे पोप फ्रान्सिस, ज्यांना पायाच्या दुखण्यामुळे वाकणेही अवघड होते, साल्वा कीर, रिएक माचार आणि इतर नेत्यांपुढे गुडघे टेकून त्यांच्या बुटांचे चुंबन घेत होते आणि भाऊ म्हणून शांततेत राहा अशी याचना करत होते. आपल्याकडे धाकट्याने थोरल्याच्या पाया पडायचे असते; थोरला धाकट्याच्या पाया पडला तर धाकट्याच्या अंगावर काटा आला पाहिजे. माझ्या आईने टीव्हीसमोर हात जोडले आणि ‘आता तरी हे ऐकतील’ असे म्हणाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोप व्हीलचेअरवरून जुबाला गेले, तेव्हा ते पोहोचण्याच्या आदल्याच दिवशी काजो-केजी भागात गुरांच्या वादातून वीसहून अधिक माणसे मारली गेली होती. आई तोवर गेली होती.

नैरोबीकर

केनियातले एक सांगतो, मुलांना शाळेत सोडायचे असल्याने थोडक्यातच. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या निकालावरून दंगली पेटल्या आणि १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटजवळ कियांबा येथे आश्रयाला आलेल्या किकुयू कुटुंबांसह चर्च जाळले गेले. दोनच दिवसांनी देशातल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर एकच मथळा छापला : आमच्या प्रिय देशाला वाचवा. किकुयू राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि लुओ जमातीचे विरोधी नेते ओडिंगा यांनी सत्तावाटपाच्या करारावर सही करायला २८ फेब्रुवारी उजाडला, आणि तोवर अकराशेच्या वर माणसे गेली होती. त्या मथळ्याचे पान आमच्या भाजीवालीने, जी स्वतः लुओ होती, टपरीच्या आत खिळ्याने ठोकून ठेवले होते.

साताऱ्याची लेक

काळीमाती दादा, त्या निवेदनाचे पुढे काय झाले? ते राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचले का?

काळीमाती

ताई, ते कागद जुबाला जाणाऱ्या एका पाद्र्यांच्या हाती दिले होते आणि कार्यालयात पोहोचल्याची पावती आली होती. उत्तर आले नाही. मुर्ले तरुण त्यांच्याच जमातीतले डेव्हिड याऊ याऊ यांनी सरकारविरुद्ध केलेल्या बंडात सामील होत गेले. अखेर २०१४ मध्ये बिशप पारिदे ताबान यांच्या पुढाकाराने करार झाला आणि मुर्ले व इतर लहान जमातींसाठी बृहद् पिबोर हा स्वतंत्र प्रशासकीय विभाग मिळाला. शिक्षकांच्या कागदात तो मागितलेलाही नव्हता. त्यांना फक्त रेडिओवर एक वाक्य हवे होते.

माझी बदली होण्याआधी ते शेवटचे भेटले तेव्हा त्यांनी निवेदनाची दुसरी प्रत काढली आणि विचारले की, ‘नागरिक’ या शब्दाचे स्पेलिंग नक्की बरोबर आहे ना. मी ते तीनदा तपासले होते, तरी त्यांच्यासमोर चौथ्यांदा तपासले. त्यांनी मान हलवली, कागदाची घडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून खिशाचे बटण लावले.

अकोबोची परिचारिका

त्या बाईच्या दोन मुलांपैकी धाकटी मुलगी २०१२ च्या उन्हाळ्यात परत आली. तिला नुएर बोलता येईना, म्हणून आई तिच्याशी खुणांनी बोलत असे. मोठ्या मुलाचे नाव मी माझ्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.